सात मिनिटांत मावेल असा नाजूक विषय

माहितीपर भाषणासाठी, म्हणजे बाजू न घेता नुसती माहिती देणाऱ्या भाषणासाठी, विषय सुचवा म्हटलं की पहिल्या यादीत हमखास हीच नावं येतात: मानसिक आरोग्य, आत्महत्या, मृत्युदंड, अवयवदान, व्यसन. नवख्या वक्त्याला असल्या विषयांवर बोलावंसं वाटतं, हे मला तरी चांगलं लक्षण वाटतं. पण यातल्या एकेका नावावर ग्रंथालयात कपाटंच्या कपाटं भरलेली असतात आणि आपल्या हातात असतात जेमतेम सात मिनिटं.

सात मिनिटं म्हणजे किती, याचा एकदा हिशेब मांडा. सावकाश, समोरच्याला कळेल असं बोलायचं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. सगळे मिळून आठशेच्या आसपास. त्यातून प्रस्तावना, समारोप आणि मधले थांबे वजा केले की मूळ मुद्द्याला पाचशे-सहाशे शब्द उरतात. एवढ्या जागेत अख्खं ‘मानसिक आरोग्य’ कोंबलं की काय होतं, ते ज्युनिअर मुलांची भाषणं बसवताना मी पुष्कळदा ऐकलंय. ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’ इथून गाडी सुटते. व्याख्या, कारणं, लक्षणं, उपाय अशी स्टेशनं घेते आणि ‘चला, आपण सारे मिळून’वर येऊन थांबते. ऐकणाऱ्याला आधीपासून ठाऊक नव्हतं असं एकही वाक्य त्यात नसतं.

विषय लहान करायचा नेहमीचा उपाय म्हणजे त्याला काळाची, ठिकाणाची किंवा वयोगटाची चौकट घालणं. साध्या विषयांना तो पुरतो. नाजूक विषयांना पुरत नाही, कारण ‘तरुणांमधील मानसिक आरोग्य’ हे ‘मानसिक आरोग्य’इतकंच अवाढव्य आहे, फक्त शीर्षक लांबलंय. मी वेगळं सुचवते. त्या मोठ्या विषयात अशी एक जागा शोधा, जिथे कुणीतरी काहीतरी ठरवून केलं आणि पुढे काय झालं त्याची नोंद आहे. मग तिथे ‘कसं’ हा प्रश्न विचारा. ‘योग्य की अयोग्य’ विचारलंत तर वादविवादाचं भाषण हाती येतं. ‘का’ विचारलंत तर नाजूक विषयांत उत्तरं शंभर निघतात आणि निम्मी अंदाजाची असतात. ‘कसं’ला मात्र सुरुवात असते, टप्पे असतात, शेवट असतो.

एका ज्युनिअर मुलीचं उदाहरण घेते, कारण तिचा कागद मी जवळून पाहिला. तिला आत्महत्येवरच बोलायचं होतं. शिक्षकांनी ‘दुसरं काही नाही का?’ असं विचारून पाहिलं. ती ठाम होती. तिच्या कागदावर सर्वांत वर होतं ‘आत्महत्या: एक जागतिक समस्या’. खाली जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा: जगात दरवर्षी सात लाखांहून जास्त मृत्यू. आकडा खरा आहे, पण तो ऐकून श्रोता हळहळतो आणि तिथेच थांबतो. त्याखाली तिने लिहिलं, ‘आत्महत्या आणि प्रसारमाध्यमं’. जरा बरं. मग ‘बातम्यांचा आत्महत्यांवर परिणाम होतो का?’ इथे डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञाचं १९७४ मधलं संशोधन तिच्या हाती लागलं: आत्महत्येची बातमी पहिल्या पानावर गाजली की त्यानंतर आत्महत्यांचं प्रमाण वाढलेलं दिसतं. आणि सर्वांत खालची ओळ होती: ‘व्हिएन्नातल्या वर्तमानपत्रांनी १९८७ मध्ये बातमी लिहिण्याची पद्धत कशी बदलली?’

ही ओळ म्हणजे विषय. व्हिएन्नात मेट्रो १९७८ मध्ये सुरू झाली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मेट्रोमधल्या आत्महत्या वाढू लागल्या आणि वर्तमानपत्रं त्या बातम्या ठळक मथळ्यांनी, रंगवून छापत होती. ऑस्ट्रियातल्या आत्महत्या प्रतिबंधाचं काम करणाऱ्या संघटनेने १९८७ मध्ये पत्रकारांसाठी सूचना तयार केल्या. वर्तमानपत्रांनी त्या बऱ्यापैकी मानल्या; बातम्या आखूड झाल्या, पहिल्या पानावरून आत गेल्या, काही तर छापल्याच गेल्या नाहीत. त्याच वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीत मेट्रोमधल्या आत्महत्या पहिल्या सहामाहीच्या मानाने तीन-चतुर्थांशाहून अधिक घटल्या, आणि पुढेही कमीच राहिल्या.

एक शहर, एक वर्ष, एक बदल. पाचशे शब्दांत हे नीट बसतं आणि सभागृहातल्या बहुतेकांनी ते कधी ऐकलेलं नसतं. शिवाय मूळ विषयाचं गांभीर्य कुठेच हललेलं नाही. विषय लहान केला की तो हलका होईल, ही भीती नवख्यांना फार असते. प्रत्यक्षात ढोबळ बोलण्यानेच तो हलका होतो.

तिच्या पहिल्या खर्ड्यात ‘सूचनांमुळे आत्महत्या घटल्या’ असं वाक्य होतं. आम्ही ते बदलून ‘सूचनांनंतर घटल्या, आणि संशोधक या दोहोंचा संबंध जोडतात’ असं केलं. वाक्याचा जोर थोडा कमी होतो, होऊ दे. माहिती देणाऱ्याने पुराव्याच्या एक पाऊल पुढे जाऊ नये, आणि नाजूक विषयात तर नाहीच नाही.

या विषयाचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे त्यातले नियम भाषणालाही लागू पडतात. जागतिक आरोग्य संघटना २००० पासून माध्यमांसाठी अशी पुस्तिका काढते: आत्महत्येच्या पद्धतीचं वर्णन करू नका, एकच सोपं कारण चिकटवू नका, सनसनाटी मथळे देऊ नका, मदत कुठे मिळेल ते सांगा. बातमीदाराला हे नियम सांगणारी वक्ती स्वतः व्यासपीठावर एखाद्या मृत्यूचं रसभरीत वर्णन करायला लागली तर कसं चालेल? तिने ते सगळं गाळलं. मूळ संदर्भात तपशील होते, भाषणात नव्हते. वाचलेलं सगळं बोलायचं नसतं, आणि अरुंद विषयाचा हा मोठा फायदा: काय गाळायचं ते आपोआप कळतं.

आता एक सापळा. विषय अरुंद करताना नकळत बाजू घेतली जाते. मृत्युदंडाचंच बघा. ‘असावा की नसावा’ नको म्हणून कुणी निवडतं: डीएनए चाचणीने मृत्युदंडाच्या कैद्याची निर्दोष सुटका. अमेरिकेत कर्क ब्लड्सवर्थ यांना १९८५ मध्ये दोषी ठरवून मृत्युदंडाची शिक्षा सुनावली गेली होती. पुढे डीएनए पुराव्यावर १९९३ मध्ये त्यांची सुटका झाली. मृत्युदंडाची शिक्षा झालेल्याची डीएनएमुळे झालेली ती तिथली पहिली निर्दोष सुटका. सगळं खरं, पण भाषण या एकाच माणसाच्या गोष्टीवर उभं केलं तर श्रोत्याला तुमचं मत न सांगताही कळतं. हाच विषय ‘जुन्या खटल्यातला जपून ठेवलेला नमुना पुन्हा कसा तपासतात’ असा धरला, तर ब्लड्सवर्थ त्यात उदाहरण म्हणून येतात आणि भाषण माहितीपरच राहतं. मी एक चाचणी लावते: या शिक्षेच्या बाजूचा आणि विरोधातला, असे दोघेही तुमच्या प्रत्येक वाक्याला ‘हो, हे असंच आहे’ म्हणतील का? जिथे एकजण अडतो ते वाक्य पुन्हा लिहायचं.

अवयवदानात हाच सापळा शेवटच्या ओळीत असतो. ‘मेंदूमृत्यू झालाय हे डॉक्टर कसं ठरवतात’ हा झकास विषय आहे. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊनला पहिलं मानवी हृदयप्रत्यारोपण झालं, १९६८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने मेंदूमृत्यूचे निकष मांडले. पुढे तपासणीचे टप्पे सांगायचे, रुग्ण स्वतः श्वास घेतो का ते कसं पाहतात ते सांगायचं. आणि इतकं नेटकं बोलून झाल्यावर मुलं शेवटी म्हणतात, ‘तर मग आजच संकल्प करा!’ झालं, परीक्षकांनी गुण कापले. आवाहन मनापासूनचं असतं, मला ते पटतंही, पण ते वेगळ्या प्रकारच्या भाषणाचं काम आहे.

विषय ठरला की लिहायला बसण्याआधी एक वाक्य लिहा: ‘भाषण ऐकून श्रोत्याला अमुक सांगता येईल.’ त्यात ‘आणि’ दोनदा आला तर विषय अजून रुंद आहे. ‘जाणीव होईल’, ‘महत्त्व पटेल’ असली क्रियापदं आली तरी तेच. मग संदर्भ बघा. चांगले तीन-चार सापडले तर पुढे जा. एकच सापडत असेल तर विषय जास्तच चिंचोळा झालाय. एक पायरी वर या.

श्रोत्यांचा विचार मात्र वरवर करू नका. ज्या गोष्टीवर तुम्ही बोलताय ती समोर बसलेल्यांपैकी कुणाच्या तरी घरात घडलेली असू शकते, असं धरूनच तयारी करा. विषय शिक्षकांना आधी सांगून ठेवा. भाषणाच्या सुरुवातीला एका वाक्यात विषय सांगा, म्हणजे ज्याला ऐकणं जड जाणार आहे तो उठून जाऊ शकतो. घटना तुमच्या स्वतःच्या आयुष्यातली असेल तर ती सांगायलाच हवी असं अजिबात नाही. घरी दोन-तीनदा मोठ्याने म्हणून बघा. आवाज स्थिर राहत नसेल तर ती गाळा, भाषण तिच्यावाचूनही उभं राहतं.

शेवटी प्रश्नोत्तरं. विषय कितीही अरुंद केला तरी श्रोते त्याला पुन्हा रुंद करतातच. व्हिएन्नावर बोलून झालं की पहिला प्रश्न येतो, ‘पण मुळात लोक असं करतातच का?’ इथे वाचलेल्या अर्ध्यामुर्ध्या ज्ञानावर उत्तर द्यायचा मोह होतो. त्या मुलीने उत्तर आधीच तयार ठेवलं होतं: ‘त्यामागे एकच कारण नसतं, आणि त्यावर बोलण्याइतका अभ्यास मी केलेला नाही. मी बातम्यांपुरतं वाचलंय, त्यातलं काही विचारायचं असेल तर सांगते.’ दुसरा प्रश्न मथळ्यांबद्दल आला.