ड्राफ्टचा बोर्ड: गरज कुठे बघायची, गुणवत्ता कुठे

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची लीग. तिच्या ड्राफ्टमध्ये संघ सात राउंडमध्ये पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. त्यासाठी बोर्ड, म्हणजे खेळाडूंची क्रमवार यादी मांडताना संघाच्या गरजांची यादी आधी मिटून ठेवा. प्रत्येक खेळाडूचा खेळ बघून ग्रेड द्या, आपल्याकडे त्या जागी कोण आहे हे मनातही आणू नका. गरज एकदा ग्रेडमध्ये मिसळली की वेगळी काढता येत नाही. टॅकलची (पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचा बचाव करणाऱ्याची) चणचण असलेल्या संघाला दुसऱ्या राउंडच्या तोडीचा टॅकलही पहिल्या राउंडचा दिसू लागतो. जागेचं मोल मात्र ग्रेडमध्ये धरायचंच: क्वार्टरबॅक, टॅकल, एज रशर (समोरच्या क्वार्टरबॅकवर कडेने चाल करणारा) यांना बाजारात जो पैसा मिळतो तो पंटरला, म्हणजे चेंडू लांब लाथाडणाऱ्याला, मिळत नाही.

मग गट पाडा. ज्यांच्यात डावं-उजवं छातीठोकपणे करता येत नाही, ते सगळे एका गटात. एका गटात तीन नावं आणि दुसऱ्यात नऊ आली तरी चालतील. ओढूनताणून सारखे करू नका.

तुमची पाळी आली की उरलेल्यांतला सर्वांत वरचा गट बघा. त्यात एकच नाव असेल तर ते घ्या, गरज असो वा नसो. जास्त असतील तर त्यांतला गरजेचा घ्या. गरजेपोटी खालच्या गटात उतरायचं नाही.

२०१२च्या तिसऱ्या राउंडमध्ये जॅक्सनव्हिलने ७०व्या क्रमांकावर ब्रायन अँगर हा पंटर घेतला. सिअ‍ॅटलने मार्चमध्येच मॅट फ्लिन या क्वार्टरबॅकला करारबद्ध केलं होतं, तरी ७५व्या क्रमांकावर त्यांनी रसेल विल्सन उचलला. विल्सन पहिल्या सामन्यापासून खेळला आणि फेब्रुवारी २०१४मध्ये सिअ‍ॅटलने सुपर बोल हा लीगचा अंतिम सामना जिंकला. अँगर चांगलाच पंटर होता, पण तिसऱ्या राउंडचा पिक (निवडीची पाळी) पंटरवर घालवणं महागच पडतं.

खरी चूक होते ती गरज मोजताना. ड्राफ्टमधल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो, पहिल्या राउंडवाल्याला पाचव्या वर्षी ठेवायचा हक्कही संघाकडे असतो. म्हणून यंदाचं भोक बघून भागत नाही. प्रत्येक जागेपुढे तीन रकाने आखा: यंदा, पुढचं वर्ष, त्यापुढचं. ज्याचा करार संपतोय किंवा वय झालंय त्याचं नाव पुढच्या रकान्यातून खोडा. रिकामा राहिलेला रकाना म्हणजे गरज. २००५मध्ये ग्रीन बेकडे क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह होता, पण ३५ वर्षांचा. त्यांनी २४व्या क्रमांकावर अ‍ॅरन रॉजर्स हा क्वार्टरबॅकच घेतला आणि तो २००८पासून खेळू लागला. यंदाची भोकं मार्चच्या फ्री एजन्सीत (करार संपलेल्या खेळाडूंच्या खुल्या भरतीत) एकेका वर्षाच्या करारांनी बुजवा, म्हणजे एप्रिलमध्ये ड्राफ्टला हात मोकळे राहतात.

प्रत्येक पिकनंतर हे रकाने पुन्हा भरा. डेट्रॉइटने २००३, २००४ आणि २००५ अशी सलग तीन वर्षं पहिल्या दहात वाइड रिसीव्हरच (पास झेलणारे) घेतले. नुसत्या गुणवत्तेमागे धावलं की बाकीचा संघ असा उपाशी राहतो.

वरच्या गटात पाच नावं असतील आणि तुम्हाला कुणीही चालत असेल, तर दुसऱ्या संघाशी पिकची अदलाबदल करून खाली सरका. प्रशिक्षक जिमी जॉन्सनच्या डॅलसमधल्या, प्रत्येक पिकचं मोल गुणांत सांगणाऱ्या जुन्या तक्त्यात १६व्या पिकचे १००० गुण, २०व्याचे ८५०, ८८व्याचे १५०. म्हणजे १६वा देऊन २०वा आणि ८८वा मागता येतो. मधल्या चार पिकांत चौघे गेले तरी पाचवा तुमचाच.

पाचव्या राउंडनंतर ग्रेडमधले फरक पुसट होतात, तिथे गरज आणि स्पेशल टीम्सला (किक आणि पंटच्या वेळी उतरणाऱ्या तुकड्यांना) झुकतं माप द्या. सातवा राउंड संपला की न निवडलेले खेळाडू आपला संघ आपणच निवडतात, आणि जिथे जागा रिकामी तिथे ते आपणहून येतात. त्यामुळे अगदी शेवटी उलट करा: तुमची भरती कमी असलेल्या जागेसाठी सातव्या राउंडचा पिक खर्चू नका. जिथे आधीच गर्दी आहे म्हणून नंतर कुणी येणार नाही, तिथला आवडता खेळाडू त्या पिकवर घ्या.