समतेच्या कलमावर (संविधानाचं कलम १५) वर्गात चर्चा घेताना या चुका टाळा

मुलींना एका बाजूला, मुलांना दुसऱ्या बाजूला बसवू नका. नवे शिक्षक दरवर्षी हेच करतात. मीही केलं होतं. अकरावीचा वर्ग, विषय महिलांच्या राखीव जागा. दहा मिनिटांत संविधान बाजूला पडलं आणि एसटीतल्या राखीव सीटवरून हमरीतुमरी सुरू झाली. शेवटच्या बाकावरची एक मुलगी राखीव जागांच्या विरोधात मुद्दे लिहून आली होती. मुलींच्या बाजूला बसवल्यामुळे तिला बोलताच आलं नाही. तास संपल्यावर कागद माझ्या टेबलावर ठेवून गेली. संविधान सभेतला खरा पेच अख्ख्या वर्गात तिनेच पकडला होता. आजही त्याचं वाईट वाटतं.

संविधान सभेतला तो वाद बायका विरुद्ध पुरुष असा नव्हताच. १९ डिसेंबर १९४६ रोजी सभेच्या सदस्य हंसा मेहता म्हणाल्या की आम्ही सवलती कधीच मागितल्या नाहीत, न्याय मागितला. जुलै १९४७ मध्ये दुसऱ्या सदस्य रेणुका राय यांनी स्त्रियांच्या राखीव जागांना उघड विरोध केला. आणि २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा-विधानसभांत महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखून ठेवण्याची तरतूद केली. म्हणून मी आता भाषणांचे उतारे नावं खोडून वाटते. 'हा कुणीतरी पुरुष बोलतोय,' अशी कुजबुज झाली की मग रेणुकाबाईंचं नाव सांगते. उतारा वाचल्याशिवाय कुणाला बोलू देत नाही. यात दोन तास जातात. एका तासात उरकायचं असेल तर हा विषय घेऊच नका.

कलम १५ मधलं 'राज्य' म्हणजे महाराष्ट्र नव्हे. त्यात केंद्र सरकार, राज्य सरकारं, स्थानिक संस्था सगळे येतात. ही व्याख्या देणारं कलम १२ आधी फळ्यावर लिहा.

१५(३) मधली, म्हणजे स्त्रिया आणि मुलांसाठी करता येणारी 'विशेष तरतूद' म्हणजे निव्वळ वरदान, असं शिकवू नका. याच खंडाच्या आधारे १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेतलं व्यभिचाराचं कलम ४९७ टिकवलं. पत्नीला त्यात शिक्षा नव्हती, पण नवऱ्याची संमती असली तर गुन्हाच होत नव्हता! ते रद्द व्हायला २०१८ उजाडलं.

गाईडमधले फायदे-तोटे पाठ करून घेऊ नका.

आणि १५(१), म्हणजे राज्याने 'केवळ' धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करू नये हा खंड, वाचताना 'केवळ' हा शब्द गिळू नका. १९८१ च्या एअर इंडिया खटल्यात पहिल्या गरोदरपणात हवाईसुंदरीला काढण्याची अट रद्द झाली, पण नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट टिकली. भेद 'केवळ' लिंगावरून नाही, असं न्यायालयाने म्हटलं. इथे वर्ग 'असं कसं?' म्हणून उसळतो. लगेच उत्तर देऊ नका, निकालाची पानं हातात द्या.