तारा टेकडी: लिया फॉल शेवटी पाहा

डब्लिनला पाहुणे आले की जवळच्या तारा टेकडीची, म्हणजे आयर्लंडच्या प्राचीन राजांच्या जागेची, फेरी ठरलेलीच. गाडी लावली की लोक सरळ लिया फॉल या राज्याभिषेकाच्या दगडाकडे धावतात, दोन फोटो काढतात आणि पंधरा मिनिटांत विचारतात, "एवढंच?" म्हणून मी हल्ली सगळ्यांना उलट्या वाटेनं नेते. दगड शेवटी.

आधी तयारी. निघण्यापूर्वी टेकडीचा आकाशातून घेतलेला एखादा फोटो नीट बघून घ्या, कारण जमिनीवर उभं राहिलं की दिसतात फक्त गवताचे उंचवटे आणि खळगे. वर फरसबंदी नाही, मेंढ्या मोकळ्या चरतात, गवत बहुतेक वेळा ओलंच असतं. तेव्हा जाड तळव्याचे बूट आणि वाऱ्याचं जॅकेट हवंच. छत्री गाडीतच ठेवा, वर वारा तिला टिकू देत नाही. टेकडी वर्षभर उघडी असते, तिकीट नाही. माहिती केंद्र मात्र हंगामातच उघडं असतं. ते १८२०च्या दशकातल्या एका चर्चमध्ये आहे. उघडं मिळालं तर आतली आयरिश चित्रकार एव्ही होननं १९३६ साली केलेली रंगीत काचेची खिडकी बघा.

चर्चच्या आवारातून बाहेर पडल्यावर डावीकडे टेकडीचा माथा खुणावतो. तिकडे वळू नका. उत्तरेला उतारावर चालत जा. तिथे गवताचे दोन लांबच लांब समांतर बांध आहेत. नाव 'मेजवानीचा दिवाणखाना', पण पुरातत्त्वज्ञ आता त्याला मिरवणुकीचा मार्ग मानतात. त्याच्या खालच्या टोकापर्यंत जा, मागे वळा आणि दोन्ही बांधांच्या मधून वर चढायला लागा. हा भाग घाईत उरकू नका. बांधांमुळे आजूबाजूचा मुलूख झाकला जातो आणि समोर फक्त चढ आणि आकाश उरतं. उजव्या बांधाला मधेमधे खिंडी आहेत, त्यांतून पश्चिमेकडची जुनी वर्तुळाकार थडगी डोकावतात. येणाऱ्यानं काय पाहावं आणि कधी पाहावं, हे कुणीतरी नीट ठरवलं होतं असंच वाटत राहतं.

वर आल्यावर एक विस्कटलेला, खणाखणीनं बिघडलेला भाग लागतो. १८९९ ते १९०२ दरम्यान काही ब्रिटिश मंडळींनी इथे चक्क बायबलमधला कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी, शोधायला फावडी चालवली. कवी येट्स आणि मॉड गॉन, आर्थर ग्रिफिथ या आयरिश राष्ट्रवाद्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. कोश अर्थातच मिळाला नाही. झालेलं नुकसान मात्र आजही दिसतं.

पुढे राजांच्या गढाचा मोठा बांध. इथे थांबा आणि खंदक कुठल्या बाजूला आहे ते पाहा. शत्रूला अडवायचं तर खंदक बांधाच्या बाहेर हवा, इथे तो आत आहे. म्हणजे ही तटबंदी लढाईसाठी नव्हती. आतली जागा वेगळी, जपण्याची, एवढंच ती सांगते.

आत शिरताच ओलिसांचं टेकाड आहे. नाव राजेशाही काळातलं, पण आतलं थडगं सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचं, म्हणजे राजांच्या गढाहून कितीतरी जुनं. दाराला जाळी आहे. गुडघ्यावर बसा, मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा आणि डावीकडच्या शिळेवर पाडा: एकात एक कोरलेली वर्तुळं उठून दिसतात. समोरून प्रकाश टाकला तर काहीच कळत नाही. नोव्हेंबरच्या आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला उगवत्या सूर्याची किरणं या बोळात शिरतात, त्या दिवसांत जमलं तर पहाटेच या.

आणि आता दगड. फोराड नावाच्या उंचवट्यावर तो उभा आहे, जेमतेम माणसाच्या छातीइतका. आपल्याकडून आलेला प्रत्येक जण "अरे, ही तर पिंड!" म्हणतोच, आकार तसाच आहे खरा. तूआ डे डॅनन या दैवी कुळानं तो आणला आणि खऱ्या राजाचा पाय लागला की तो ओरडायचा, अशी कथा. आपल्या पसंतीच्या राजासाठी ओरडला नाही म्हणून दंतकथांतला वीर कू खुलिन यानं त्याच्यावर तलवार चालवली म्हणतात. पण आज जिथे आहे ती त्याची मूळ जागा नव्हे. तो पूर्वी ओलिसांच्या टेकाडाजवळ होता. २६ मे १७९८ला इथे झालेल्या लढाईत ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठलेले शेकडो बंडखोर पडले, त्यांच्या समाधीची खूण म्हणून पुढे तो इथे रोवला गेला. राज्याभिषेकाचा दगड आणि हुतात्म्यांची शिळा, दोन्ही एकच.

हात लावायला कुणी अडवत नाही, म्हणूनच सांभाळा. २०१२ साली कुणीतरी त्यावर हातोडा चालवला, २०१४ साली रंग ओतला. फुलं, कुंकू, पाणी, नाणी काहीही वाहू नका.

मग दगडाकडे पाठ करा. ईशान्येला स्लेनची टेकडी. आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म पसरवणाऱ्या सेंट पॅट्रिकनं तिथे पेटवलेला जाळ तारावरच्या राजाला दिसला असं सांगतात, आणि दिसलाही असेल, इथून नजर खरंच तेवढी पोचते. पूर्वेला स्क्रीन नावाच्या टेकडीवरच्या जुन्या चर्चचा मनोरा. मधल्या खोऱ्यातून २०१० पासून एम थ्री महामार्ग जातो. त्याविरुद्ध मोठं आंदोलन झालं होतं, आणि रस्त्यासाठी खोदताना २००७ साली लिसमलिनला एक प्राचीन वर्तुळाकार स्थळही सापडलं. रस्ता झालाच. माझं मत आंदोलकांच्या बाजूनं आहे, आणि त्याच रस्त्यानं मी इथे येते, हेही खरं.

परतताना वेळ उरला तर डब्लिनच्या किल्डेर स्ट्रीटवरचं राष्ट्रीय संग्रहालय गाठा, तिथेही प्रवेश मोफत आहे. तारावर सापडलेले सोन्याचे पिळाचे मोठे गोफ तिथे आहेत. तिथलीच प्रसिद्ध 'तारा ब्रोच' मात्र या टेकडीवरची नाही. ती १८५० साली बेटिस्टाउनच्या किनाऱ्याजवळ मिळाली आणि तिच्या प्रतिकृतींचा खप वाढावा म्हणून एका सराफानं तिला ताराचं नाव चिकटवलं.