रमजान ईद घरच्यांसोबत कशी साजरी करावी

ईदची कामे चाँदरातीलाच, म्हणजे ईदच्या आदल्या रात्रीच, उरकावीत, म्हणजे ईदचा दिवस माणसांसाठी मोकळा राहतो. रमजान २९ दिवसांचा होणार की ३० दिवसांचा, हे चंद्रदर्शनावर ठरते. म्हणून २९व्या रोज्याच्या इफ्तारपूर्वीच कपडे, किराणा आणि फित्र्याचे (ईदपूर्वी गरिबांना द्यायच्या दानाचे) पैसे तयार ठेवावेत, नाहीतर सांगलीच्या बाजारातील ऐनवेळच्या गर्दीत अर्धी रात्र जाते.

सर्वांत आधी फित्रा द्यावा. ऐपत असलेल्या कुटुंबप्रमुखाने स्वतःचा आणि लहान मुलांचा, अगदी तान्ह्या बाळाचाही, फित्रा काढायचा असतो. हनफी या इस्लामी धर्मशास्त्र परंपरेच्या पद्धतीत माणशी साधारण पावणेदोन ते दोन किलो गहू किंवा त्याची किंमत धरतात. नेमकी रक्कम मशिदीतून जाहीर होते. ईदच्या नमाजपूर्वी तो पोहोचलाच पाहिजे, पण माझे आग्रहाचे सांगणे असे, की तो दोन-तीन दिवस आधी द्यावा, कारण घेणाऱ्या घरालाही दूध-साखर आणायला आणि मुलांना कपडे घ्यायला वेळ हवा असतो.

शिरखुर्म्यासाठी आठ-दहा खारका चाँदरातीला पाण्यात भिजत घालाव्यात आणि पहाटे बिया काढून त्यांचे उभे काप करावेत. काजू, बदाम, चारोळी आणि बेदाणे तुपावर परतावेत. सध्या ईद उन्हाळ्याच्या तोंडावर येते, तेव्हा तासगावकडचा नवा बेदाणा बाजारात आलेला असतो, तोच घ्यावा. एक लिटर म्हशीचे दूध मंद आचेवर पाऊणपट होईपर्यंत आटवून त्यात खारका मऊ शिजू द्याव्यात, मग चवीप्रमाणे साखर, सुका मेवा आणि वेलची घालावी. तुपावर तांबूस भाजलेल्या बारीक शेवया, साधारण मूठभर, अगदी शेवटी घालाव्यात. त्या दूध शोषत राहतात, त्यामुळे शिरखुर्मा पातळ असतानाच उतरवणे योग्य.

सकाळी अंघोळ करून, असतील त्यातले चांगले कपडे घालून, अत्तर लावून आणि एक, तीन अशा विषम संख्येने खजूर खाऊन तकबीर (‘अल्लाहु अकबर’चा घोष) म्हणत ईदगाहकडे निघावे. या नमाजला अजान नसते. दोन रकातींत (नमाजच्या आवर्तनांत) हनफी पद्धतीने सहा जादा तकबिरी होतात, तर कोकणातून येऊन येथे स्थायिक झालेल्या, शाफई ही दुसरी परंपरा पाळणाऱ्या कुटुंबांत बारा. मुलांना हे आदल्या रात्री करून दाखवावे. नमाजनंतरचा खुतबा (इमामांचे प्रवचन) बसून ऐकावा आणि परतताना शक्य तर दुसऱ्या रस्त्याने यावे.

घरी आल्यावर आधी आजी-आजोबांना सलाम करावा, मग मुलांना ईदी (ईदची भेट) द्यावी. पाहुण्यांची ये-जा दिवसभर चालते आणि सगळा भार अम्मी व भाभींवर पडतो. म्हणून वाट्या भरणे, भांडी घासणे आणि शेजारी डबे पोहोचवणे ही कामे पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी आधीच वाटून घ्यावीत. शाकाहारी शेजाऱ्यांसाठी शिरखुर्मा बिर्याणीच्या आधी, वेगळ्या पातेल्यात करावा आणि तसे त्यांना सांगावे, म्हणजे ते निःशंक मनाने खातात. त्या दिवशी त्यांचा उपवास असेल तर डबा दुसऱ्या दिवशी द्यावा. मात्र उन्हाळ्यात दूध लवकर नासते, म्हणून तेवढा भाग ताबडतोब गार करून फ्रिजमध्ये ठेवावा.

ईदच्या दिवशी रोजा ठेवता येत नाही. ईदपासून सुरू होणाऱ्या शव्वाल महिन्याचे सहा नफल (ऐच्छिक) रोजे ज्यांना ठेवायचे आहेत, त्यांनी ते दुसऱ्या दिवसापासून महिनाभरात सोयीने पूर्ण करावेत.