जुना कॉम्प्युटर नवी हार्ड डिस्क ओळखत नाही? परत करण्याआधी या चुका टाळा

दहा-पंधरा वर्षं जुन्या डेस्कटॉपला नवी ४ टीबीची डिस्क लावली, विंडोज सुरू झालं आणि माय कॉम्प्युटरमध्ये नवा ड्राइव्ह आलाच नाही, की बहुतेक जण डिस्क खराब निघाली असं धरून चालतात. अशा पुष्कळ डिस्क पूर्ण ठणठणीत असतात. जुनं मशीन आणि नवी डिस्क यांच्यामध्ये वीज, कंट्रोलर (डिस्कशी बोलणारी चिप), बायोस (मशीन चालू होताच विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम), ड्रायव्हर (विंडोजला त्या चिपशी बोलू देणारा प्रोग्राम) आणि विंडोज असे टप्पे असतात आणि डिस्क त्यातल्या एखाद्या टप्प्यावर अडकलेली असते. तो टप्पा न शोधता सगळीकडे हात घालणं ही पहिली चूक.

म्हणून आधी तीनच गोष्टी पाहा. डिस्क फिरते का? बायोसमध्ये तिचं मॉडेल नाव येतं का? विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती दिसते का? बायोसमध्येच नाव नसेल तर विंडोजमधले ड्रायव्हर उलटसुलट करून काहीही साधणार नाही. बायोसमध्ये नाव असेल तर केबल बदलत बसायची सहसा गरज नाही.

डिस्क फिरतच नाही

कॅबिनेट उघडा, मशीन चालू करा आणि डिस्कच्या कडेला बोट टेकवून पाहा. ३.५ इंची डिस्क सुरू होताना बारीक थरथर जाणवते. काहीच जाणवत नसेल तर मशीन बंद करा, एसएमपीएसची, म्हणजे मशीनच्या पॉवर सप्लायची, पिन भिंतीतून काढा आणि पॉवरचा कनेक्टर दुसरा लावून पाहा. डिस्कला वेग घेताना १२ व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास करंट लागतो. कपॅसिटर फुगलेला जुना एसएमपीएस नेमका त्याच क्षणी मान टाकतो.

कनेक्टर बदलूनही डिस्क निपचित असेल, आणि ती सर्व्हरसाठीची किंवा एक्स्टर्नल डब्यातून काढलेली असेल, तर एक खास कारण तपासायलाच हवं, कारण यात चांगल्या डिस्क नाहक परत जातात. साटा ही डिस्क जोडायची नेहमीची पद्धत. तिच्या पॉवर कनेक्टरला १५ पिना असतात. पहिल्या तीन पिनांवर जुने एसएमपीएस ३.३ व्होल्ट देतात. कनेक्टरकडे येणारी नारिंगी वायर तीच. २०१६ साली आलेल्या साटा ३.३ मानकाने यातल्या तिसऱ्या पिनेला नवं काम दिलं: तिच्यावर व्होल्टेज आलं की डिस्कने बंद राहायचं, म्हणजे सर्व्हरमधली डिस्क हात न लावता रीसेट करता येते. जुन्या एसएमपीएसला हे ठाऊक नसतं. तो त्या पिनेवर सतत ३.३ व्होल्ट देत राहतो आणि डिस्क इमानदारीत बंद राहते.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे चार पिनांच्या मोलेक्समधून साटा पॉवर काढणारा अडॅप्टर. मोलेक्सवर पिवळी १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची आणि दोन काळ्या वायर असतात, ३.३ व्होल्ट नसतातच, त्यामुळे प्रश्न मिटतो. मात्र अडॅप्टर पारखून घ्या. ज्यात वायर प्लास्टिकच्या एकसंध ओतलेल्या ठोकळ्यात गाडलेल्या असतात, ते आत शॉर्ट होऊन जळल्याची उदाहरणं आहेत. ज्याच्या मागच्या बाजूने एकेक वायर स्वतंत्र पिनेत दाबून बसवलेली दिसते, तो घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात दोन्ही प्रकार मिळतात आणि किमतीतला फरक किरकोळ असतो. दुसरा उपाय कॅप्टॉन (Kapton) टेपचा, म्हणजे उष्णता सहन करणाऱ्या पिवळसर पारदर्शक टेपचा. डिस्कच्या पॉवर पट्टीवर डेटा कनेक्टरच्या बाजूने मोजत पहिल्या तीन पिना झाकायच्या. ३.५ इंची डिस्क ३.३ व्होल्ट वापरत नाहीत, म्हणून तिन्ही झाकल्या तरी चालतं. चौथी पिन ग्राउंडची आहे, तिच्यावर टेप जाऊ देऊ नका. साधा सेलोटेप वापरू नका. गरम होऊन त्याचा गोंद पाझरतो.

याच बाजारातली आणखी एक फसगत म्हणजे स्वस्तात मिळणारी सॅस डिस्क, म्हणजे सर्व्हरसाठीच्या वेगळ्या जोडणीची डिस्क. दिसायला ती साटासारखीच असते, पण डेटा आणि पॉवर कनेक्टरमधली खाच भरलेली असते, त्यामुळे साटा केबल बसत नाही. जोर लावून बसवू नका, आणि अडॅप्टर लावून ती साध्या मदरबोर्डवर चालेल अशी आशाही ठेवू नका. तिला सॅस कंट्रोलरच लागतो.

फिरते, पण बायोसमध्ये नाव नाही

आधी डेटा केबल बदला. मग पोर्ट बदला. बऱ्याच जुन्या मदरबोर्डवर दोन रंगांचे साटा पोर्ट असतात: काही चिपसेटचे (बोर्डाच्या मुख्य चिपचे), काही वेगळ्या कंट्रोलरचे. त्या वेगळ्या कंट्रोलरवरची डिस्क बायोसच्या मुख्य यादीत येईलच असं नाही, म्हणून तपासणी चिपसेटच्या पोर्टवरच करा. बायोसमध्ये तो पोर्ट डिसेबल तर नाही ना, हेही पाहा. एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसवायची जागा) असलेल्या काही बोर्डवर त्या स्लॉटमध्ये एसएसडी बसवली की एक-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात. कोणते, ते बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं.

बोर्ड २००३ ते २००६ च्या काळातला असेल तर वेगळी अडचण येते. व्हीआयए व्हीटी८२३७ आणि व्हीटी८२३७आर या चिपसेटचा साटा १.५ गिगाबिटवर चालतो आणि त्याहून वेगवान डिस्कशी वेग ठरवतानाच अडकतो. नियमाप्रमाणे डिस्कने आपणहून खालच्या वेगावर यायला हवं. इथे ती बोलणीच पूर्ण होत नाहीत. मग बायोस डिस्क शोधण्याच्या स्क्रीनवरच अडकून बसतो किंवा डिस्क नाहीच असं दाखवतो. डिस्कवर वेग बांधून देणारा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) असेल तर तो लावायचा. वेस्टर्न डिजिटलच्या अनेक ३.५ इंची डिस्कवर तो ५ आणि ६ क्रमांकाच्या पिनांवर बसतो. डिस्कच्या लेबलवरची आकृती बघूनच लावा, कारण शेजारच्या ७-८ पिनांचं काम त्यांच्या काही डिस्कवर अगदी वेगळं आहे. जंपरची सोयच नसेल तर नव्या चिपचं पीसीआय साटा कार्ड हा सरळ मार्ग.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे घाईघाईत बायोसमधला साटा मोड आयडीई या जुन्या पद्धतीवरून एएचसीआय या नव्या पद्धतीवर नेणं. नवी डिस्क दिसण्यासाठी त्याची सहसा गरज नसते. विंडोज ७ मध्ये एएचसीआयचा ड्रायव्हर आधी सुरू केलेला नसेल तर निळा स्क्रीन येतो आणि खाली ०x७बी हा कोड दिसतो. तसं झालंच तर मोड पूर्ववत करा, विंडोज पुन्हा सुरू होईल. नवी डिस्क लावल्यावर बूटचा क्रमही कधीकधी आपोआप बदलतो. ऑपरेटिंग सिस्टीम सापडत नाही असा संदेश आला, तर विंडोज उडालं असं समजून रीइन्स्टॉल करायला बसू नका. बायोसमध्ये जुनी डिस्क पुन्हा पहिली करा.

बायोसमध्ये आहे, विंडोजमध्ये नाही

कोरी डिस्क माय कॉम्प्युटरमध्ये आपणहून येत नाही. डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे ती नॉट इनिशियलाइज्ड आणि अनअलोकेटेड अशी दिसेल. इनिशियलाइज करताना, म्हणजे डिस्क पहिल्यांदा वापरासाठी तयार करताना, एमबीआर की जीपीटी हे विचारलं जातं (डिस्कच्या विभागणीची नोंद ठेवायच्या या जुन्या आणि नव्या पद्धती), आणि इथली चूक पुढे नडते. एमबीआरमध्ये सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांचा असतो. ५१२ बाइटचा एक सेक्टर धरला तर ही मोजणी २.२ टीबीच्या जवळ संपते. म्हणून ४ टीबीच्या डिस्कचे विंडोजच्या हिशेबात (तिथे जीबी १०२४ च्या पटीत मोजतात, म्हणून आकडे लहान दिसतात) २०४८ जीबी आणि १६७८ जीबी असे दोन तुकडे दिसतात, आणि दुसऱ्या तुकड्यावर काहीच करता येत नाही. डिस्क रिकामी असेल तर तिच्या नावावर राइट-क्लिक करून जीपीटी करा.

विंडोज ७ जीपीटी डिस्क डेटासाठी आनंदाने वापरतं. तिच्यावरून बूट व्हायला मात्र ६४-बिट विंडोज आणि यूईएफआय (बायोसची नवी आवृत्ती) दोन्ही हवेत. फक्त बायोस असलेल्या बोर्डवर विंडोज जुन्या डिस्कवर किंवा छोट्या एसएसडीवर ठेवा आणि मोठी डिस्क डेटाला द्या. ३२-बिट विंडोज एक्सपीला जीपीटी वाचताच येत नाही. तिथे २ टीबीपर्यंतचीच डिस्क घेणं शहाणपणाचं. एक्सपीला सर्व्हिस पॅक १ सुद्धा लावलेला नसेल तर १३७ जीबीच्या पुढे ते जातच नाही.

३ टीबीची डिस्क ७४६ जीबी दाखवत असेल तर दुकानदाराशी भांडू नका. डिस्कवर साधारण ३,००० अब्ज बाइट असतात. त्यातले २,१९९ अब्ज ३२ बिटांच्या मोजणीत संपतात, मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि उरलेले ८०१ अब्ज तेवढे दिसतात. विंडोजच्या हिशेबात ते ७४६ जीबी. दोष जुन्या स्टोरेज ड्रायव्हरचा असतो. इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर १०.१ किंवा त्यानंतरचा टाका. त्याआधी त्या डिस्कवर पार्टिशन करू नका, डेटा तर मुळीच भरू नका.

जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत काढून दोन्ही एकदम लावल्या, तर दोघींची सिग्नेचर (विंडोज डिस्क ओळखतं तो क्रमांक) एकच असते आणि विंडोज एकीला ऑफलाइन ठेवतं. ती ऑनलाइन केली की तिची सिग्नेचर बदलते. त्या प्रतीवरून बूट करायचं असेल तर ती तशीच ठेवा, जुनी काढा आणि आधी एकदा नवीवरून मशीन सुरू करा.

डिस्कमध्ये डेटा असताना फॉरमॅट करू का असा संदेश आला, तर रद्द करा. यूएसबी डब्यात वापरलेल्या मोठ्या डिस्कबाबत हे फार घडतं. काही डबे एक्सपीला २ टीबीच्या पुढची डिस्क चालावी म्हणून ५१२ बाइटचे सेक्टर ४०९६ बाइटचे असल्याचं दाखवतात. तीच डिस्क डब्यातून काढून थेट साटाला जोडली की पार्टिशनचे आकडे जुळत नाहीत आणि डिस्क कोरी वाटते. डेटा जागेवरच असतो. ती पुन्हा त्याच डब्यात घाला, सगळं दुसरीकडे उतरवून घ्या आणि मगच साटावर नव्याने इनिशियलाइज करा.

एवढं करूनही डिस्क अजिबात फिरत नसेल, टक्-टक् आवाज करून थांबत असेल किंवा दुसऱ्या नव्या मशीनच्या बायोसमध्येही येत नसेल, तर ती खरंच सदोष आहे. टेप काढा, बिल आणि सिरियल नंबरचा फोटो जवळ ठेवा आणि वॉरंटीत द्या.