रक्त चढवताना या चुका टाळा: आधी नाव तपासा, मग गट

‘चुकीचं रक्त चढवलं’ अशी बातमी आली की दोष रक्तपेढीवर जातो. पण अशा प्रसंगांत बहुतेक वेळा गटाची तपासणी बरोबरच असते. एकीचं रक्त दुसरीच्या नावाच्या बल्बमध्ये, म्हणजे तपासणीसाठी रक्त घेतात त्या छोट्या नळीत, गेलेलं असतं, किंवा एकाची पिशवी शेजारच्या खाटेला लागलेली असते. ए गटाच्या माणसाला बी गटाचं रक्त गेलं, तर त्याच्या अंगातली प्रतिद्रव्यं त्या लाल पेशी लगेच फोडू लागतात. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. लँडस्टायनरने १९०१ मध्ये रक्तगट उलगडून दाखवले, तरी हा धोका आजही आहे, कारण तो घाईत आणि कागदपत्रांत आहे.

आपल्या कोल्हापुरात एका वॉर्डात दोन-तीन पाटील असणं रोजचंच. त्यातल्या दोघी सुनीता असल्या तर आडनावावर काय भागणार? सॅम्पल घेताना ‘तुम्ही सुनीता पाटील ना?’ असं विचारलं, तर तापाने ग्लानीत असलेली बाई कशालाही मान डोलावते. ‘तुमचं नाव काय?’ असंच विचारायला हवं. नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, वय आणि आयपीडी (दाखल रुग्णाचा) नंबर केसपेपरशी जुळला पाहिजे. रुग्ण बोलू शकत नसेल तर नातेवाईक म्हणून तुम्ही सांगा. बल्बवरचं लेबल खाटेजवळच, सॅम्पल घेतल्यावर लगेच लिहिलं जावं. आधीच लेबलं चिकटवून ठेवलेले बल्ब ट्रेमध्ये दिसले तर बिनधास्त हटका. सिस्टर रागावल्या तरी चालेल.

पिशवी लावण्यापूर्वी दोघांनी मिळून तिच्यावरचं नाव, नंबर, गट आणि मुदत वाचायची असते. ते मोठ्याने वाचायला सांगा. आणि ‘लायसन्सवर बी पॉझिटिव्ह आहे की, पुन्हा तपासणी कशाला?’ असा वाद घालू नका. कार्डावरचा गट कोणी, कधी, कसा तपासला, हे डॉक्टरांना माहीत नसतं.

पहिली पंधरा मिनिटं कुणीतरी खाटेजवळ थांबाच. चहाला नंतर जा. थंडी वाजून ताप, कंबरेत किंवा छातीत दुखणं, दम लागणं, सुई लावलेल्या जागी आग होणं, लघवी लालसर-काळपट होणं, यातलं काहीही दिसलं तर ताबडतोब सिस्टरना बोलवा. आधी रक्त बंद, शीर मात्र साध्या सलाइनवर चालू. नळीही नवी लावली जाते. उरलेली पिशवी फेकायची नाही. ती रुग्णाच्या नव्या सॅम्पलसह रक्तपेढीत परत जाते, त्यावरूनच कारण सापडतं. ‘ताप आला, गोळी देऊ’ म्हणून रक्त तसंच चालू ठेवणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. रक्ताच्या नळीतून ग्लुकोजचं सलाइन किंवा इंजेक्शनही सोडायचं नसतं.

सीपीआर या आपल्या सरकारी रुग्णालयाच्या रक्तपेढीतून राजारामपुरीतल्या दवाखान्यात पिशवी बहुधा नातेवाईकच गाडीवरून आणतात. लाल पेशी २ ते ६ अंशांत राहाव्या लागतात, म्हणून आइसबॉक्स न्या. पण बर्फ पिशवीला थेट टेकू देऊ नका, गोठलेल्या पेशी फुटतात. प्लेटलेट्सचं उलटं आहे. त्या २० ते २४ अंशांत ठेवतात. डेंग्यूच्या दिवसांत काळजीपोटी त्या बर्फात घालून आणणारे लोक त्यांचं नुकसानच करतात. पिशवी गार लागते म्हणून गरम पाण्यात किंवा उन्हात ठेवू नका. लाल पेशी फ्रिजबाहेर काढल्यापासून अर्ध्या तासात सुरू आणि चार तासांत संपायला हव्यात.

‘घरचंच रक्त चांगलं’ हा समज प्रेमातून येतो, पण सख्ख्या नातेवाइकाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी क्वचित रुग्णाच्याच शरीरावर उलटतात, आणि तो आजार बहुतेकदा जीवघेणा ठरतो. विकिरण केलेलं, म्हणजे किरणांनी या पांढऱ्या पेशी निष्प्रभ केलेलं, रक्त असेल तर हा धोका टळतो. एरवी घरच्यांनी आणि तालमीतल्या पोरांनी दिलेलं रक्त दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येऊ द्या.

आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन मिळालं का, हे विचारायला विसरू नका. नाहीतर आईच्या अंगात तयार झालेली प्रतिद्रव्यं पुढच्या बाळाच्या लाल पेशी फोडू शकतात.

शेवटी एक अडचण, जिच्यात रक्तपेढीला उगाच शिव्या बसतात. रुग्ण ‘ओ’ निघतो, पण क्रॉसमॅचला, म्हणजे दात्याचं आणि रुग्णाचं रक्त एकत्र करून पाहतात त्या चाचणीत, ओ गटाची एकही पिशवी जुळत नाही. अशा वेळी बॉम्बे ब्लड ग्रुपची शंका घ्यावी. मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये हा गट नोंदवला. या लोकांच्या पेशींवर ओ गटात असणारं एच प्रतिजनही (पेशीवरची एक ओळखखूण) नसतं, त्यामुळे त्यांना साधं ओ रक्तसुद्धा घातक ठरतं. साध्या तपासणीत ते ओ दिसतात. अँटी-एच तपासणीत खरं कळतं. हा गट आईवडील दोघांकडून येतो, म्हणून दात्यासाठी मोबाईलवर मेसेज फिरवण्याआधी रुग्णाच्या सख्ख्या भावंडांचा गट तपासून घ्या. त्यांच्यात कुणी जुळलं, तर वर सांगितलेलं विकिरण मात्र करून घ्या.