जुन्या फिल्म कॅमेऱ्याला आजचा सेल कसा बसवावा

मामा-काकांनी गल्फमधून नाहीतर बोटीवरून आणलेले कॅमेरे गोव्यातल्या कितीतरी कपाटांत पडून आहेत. शटर वाजतं, फिल्मही मिळते. उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा तेवढा हलत नाही. त्याचा पीएक्स६२५ सेल पाऱ्याचा होता आणि तसे सेल आता बनत नाहीत. अमेरिकेने तर १९९६ मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदी घालणारा कायदाच केला.

तळाचं झाकण नाण्याने उघडा, नंबर वाचा. जुना सेल सापडला तर झाकणाच्या बाटलीत बंद करून ई-कचऱ्यात द्या, घरच्या कचऱ्यात नको. सेलला टेकणाऱ्या धातूच्या पट्टीवर हिरवट-पांढरा थर असेल तर कापसाच्या काडीला माडाचं व्हिनेगर थेंबभर लावून पुसा आणि नीट सुकू द्या.

आता खरी अडचण. दुकानदार त्याच मापाचा अल्कलाइन सेल देईल आणि बसतो म्हणजे चालतो, असं सांगेल. ऐकू नका. पाऱ्याचा सेल संपेपर्यंत १.३५ व्होल्ट देत असे. अल्कलाइन १.५ पासून सुरू होतो आणि वापराबरोबर उतरत जातो. व्होल्टेज जास्त मिळालं की मीटरला उजेड जास्त वाटतो आणि फोटो काळा येतो. माझ्या मिनोल्टा एसआरटी १०१ मध्ये असा सेल घालून मी शिगम्याच्या मिरवणुकीचा अख्खा रोल घालवला. फेट्याखाली ढोलवाल्यांचे चेहरेच नाहीत, नुसता काळोख. आयएसओ, म्हणजे फिल्मच्या संवेदनशीलतेचा आकडा, कमी लावून भागवा, असंही सांगतात. भागत नाही, कारण चूक उन्हात वेगळी, सावलीत वेगळी, आणि सेल उतरला की आणखी तिसरीच.

श्रवणयंत्राचा ६७५ झिंक-एअर सेल १.४ व्होल्टचा, म्हणजे मीटरला मानवणारा. जागा १६ मिलिमीटरची आणि हा ११.६ चा, म्हणून भोवती रबरी रिंग घाला, पण सेलवरची छिद्रं झाकू नका. हा सेल हवेवर चालतो. छिद्रांवरचा स्टिकर काढला की वापरा न वापरा, काही आठवड्यांत संपतो, आणि आमच्या पावसाळ्यातली ओल त्याच छिद्रांतून आत शिरते. हिवाळ्यातल्या एका रोलपुरता ठीक.

कायमचा उपाय एकच: एसआर४३ सिल्व्हर ऑक्साइड सेल आणि तो मोठ्या जागेत बसवणारा, डायोड असलेला एमआर-९ अडॅप्टर. सेल १.५५ व्होल्ट शेवटपर्यंत टिकवतो, डायोड ते १.३५ च्या आसपास आणतो. डायोड नसलेली नुसती धातूची रिंगही अडॅप्टर म्हणून खपवतात. ती व्होल्टेज कमी करत नाही. विचारूनच घ्या.

पेंटॅक्स स्पॉटमॅटिकला हा खटाटोप नको. तिच्या मीटरचं सर्किट व्होल्टेजचा फरक सांभाळून घेतं. साधा सिल्व्हर सेल बसवा.

मग एकाच रंगाच्या भिंतीवर मीटर धरा, फोनच्या मीटर अ‍ॅपशी ताडून पाहा: उन्हात, बलकावात (घरापुढच्या ओसरीवर) आणि आतल्या खोलीत. तिन्हीकडे अर्ध्या स्टॉपच्या आत जुळलं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) की फिल्म भरा. कॅमेरा पावसाळाभर कपाटात राहणार असेल तर मिरगाआधी सेल बाहेर काढून ठेवा.